'पलीकडे' स्टेशनची मास्तर

माझी वहिनी दात बनवते. म्हणजे कवळ्या. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन तिच्या लॅबमध्ये पाठवतात. ती त्यात प्लास्टर ओतून जबडा काढते, मेणात एकेक दात बसवते, हिरडीचा गुलाबी रंग जुळवते आणि शेवटी कडा घासून गुळगुळीत करते. चौतीस वर्षं हेच चाललंय. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की ही त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघते, आणि चार पावलं पुढे गेल्यावर मला हळूच सांगते, "वरची माझी. खालची कुणी केलीय देव जाणे."

तिचा नवरा म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा पियानोचे सूर लावतो. त्याचे कान हा आमच्या घरात लहानपणापासूनचा कौतुकाचा विषय. स्वयंपाकघरात झाकण पडलं की हा बाहेरच्या खोलीतून ते कुठल्या सुरात पडलं ते सांगायचा, आणि आई येईल-जाईल त्याला ते ऐकवायची. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण माझ्या पाढ्यांचं कुणी कौतुक केल्याचं मला आठवत नाही. ते असो.

दादाला खेळण्यातल्या रेल्वेचा नाद. "खेळण्यातली" म्हटलेलं त्याला आवडत नाही, म्हणून मी मुद्दाम म्हणते. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती एकट्या त्याची होती. पुढच्या खोलीत टेबलावर रूळ अंथरलेले, त्यावर बोटभर उंचीचं इंजिन आणि पाच डबे, गोल गोल फिरणारे. वहिनी दारात उभी राहून बघायची आणि कामाला निघून जायची. एक दिवस तिने विचारलं, "ही गाडी जाते कुठे?"

"जाते कुठे म्हणजे? फिरते."

"मग तिला गाडी कशाला म्हणायचं?" वहिनी म्हणाली. "कुठेतरी जाऊ द्या तिला. माझ्या खोलीत पाठवा."

दादा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने गवंडी बोलावला आणि पुढच्या आणि मागच्या खोलीमधल्या भिंतीला वीतभर भोक पाडून घेतलं. मागची खोली वहिनीची. तिथे तिने डोंगर केला. लॅबमध्ये फसलेले, तडकलेले, काम झाल्यावर टाकून द्यायचे प्लास्टरचे जबडे तिने पिशव्या भरभरून घरी आणले, एकावर एक रचले आणि वरून ओल्या प्लास्टरचा हात फिरवला. रंग दिल्यावर कुणाला काही कळत नाही, पण त्या डोंगराच्या पोटात शंभरएक माणसांचे जबडे आहेत. मी तिथे बसून कधी बिस्किट खाल्लेलं नाही.

दादाच्या बाजूच्या स्टेशनाचं नाव "अलीकडे" आणि वहिनीच्या बाजूचं "पलीकडे". मधे एकच रूळ. आता एकाच रुळावर दोन्हीकडून गाड्या सोडायच्या आणि मधे भिंत, म्हणजे टक्कर ठरलेली. यावर उपाय वहिनीनेच आणला. तिच्या लॅबमध्ये एक म्हातारे, निवृत्त स्टेशन मास्तर कवळी दुरुस्त करायला आले होते. तिने कवळी हातात धरून त्यांना विचारलं, त्यांनी बिनदातांनी सगळं समजावलं. दोघांच्या टेबलावर एकेक बटण आणि एकेक घंटा. इकडचं बटण दाबलं की तिकडची घंटा वाजते. तीन टोले म्हणजे "गाडी पाठवू का?" समोरच्याने उलट तीन टोले दिले तर रूळ मोकळा आहे, पाठव. दोन टोले म्हणजे गाडी निघाली. एक टोला म्हणजे कळलं नाही, पुन्हा सांग. उत्तर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि गाड्या चालू असताना भिंतीपलीकडे तोंडाने एक शब्द बोलायचा नाही.

वहिनीकडे जुनी जाड घंटा आली, ठण्ण वाजणारी. दादाने स्वतःसाठी मात्र दुकानात अकरा घंटा वाजवून बघितल्या आणि त्यातली सगळ्यात बारीक, सगळ्यात स्वच्छ आवाजाची निवडली. धूळ बसू नये म्हणून तिला लाकडी पेटी केली.

आणि एक नोंदवही. तिचंही शास्त्र. किती वाजता विचारलं, किती वाजता उत्तर आलं, गाडी कधी सुटली. खोडरबर चालत नाही. चूक झाली तर एका रेघेने खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर ते लिहायचं आणि सही करून वेळ घालायची. मला त्या वहीला हात लावायची परवानगी नव्हती. "तू स्टाफ नाहीस," दादा म्हणायचा.

दर रविवारी चार वाजता पहिली गाडी. बावीस वर्षं. मी बहुतेक रविवारी जाते आणि मागच्या खोलीत बसते, कारण चहा तिथे आधी येतो. या दोघांचे अबोल्याचे रविवारही मी पाहिलेत. एकदा चार दिवस एकमेकांशी शब्द नाही, कारण काय तर कपाट कुठे ठेवायचं. पण चार वाजले की ठण्ण ठण्ण ठण्ण, आणि वहिनी तोंड फिरवून बसलेली असली तरी बटणावर बोट ठेवायची. संध्याकाळपर्यंत सात गाड्या गेल्या-आल्या की भांडण कुठे गेलं ते दोघांनाही सांगता यायचं नाही. मला हेवा वाटायचा. आमच्या घरात भिंतीला भोक नव्हतं.

गेल्या वर्षी यात बिघाड झाला. दादा तीन टोले देई, वाट बघे, आणि वहीत लिही, "पलीकडेने घंटा दिली नाही." पाच-सात मिनिटांनी वहिनी दारात येऊन म्हणे, "विसरले बघा. पाठवा." आधी महिन्यातून एकदा, मग दर रविवारी, मग एकेका रविवारी तीन-तीनदा. दादा माझ्याकडे येऊन बसला. एरवी माझा सल्ला कुणी घेत नाही, त्या दिवशी त्याने घेतला.

"ती विसरायला लागलीय गं," तो म्हणाला. "पुढ्यात बटण असून विसरते."

मी लगेच म्हटलं, "मग डॉक्टरांना दाखव. अशा गोष्टी अंगावर काढायच्या नसतात." मी सांगते तेव्हा ठाम सांगते, हा माझा दोष आहे असं माझे विद्यार्थी म्हणायचे.

एका शनिवारी दादा तिला घेऊन गेला. मीही गेले. डॉक्टरांनी तिला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. वहिनीने सगळं केलं. तीन शब्द तर सांगितलेच, वर बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टरांच्या पुढच्या दाताची शेड चुकलीय." डॉक्टर म्हणाले, सध्या काही दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. दुसऱ्या दिवशी दादाने गाड्या बंद ठेवल्या आणि वहीत लिहिलं, "वाहतूक बंद. पलीकडेच्या मास्तरची तपासणी, विश्रांती." आठवडाभर तो तिच्या मागे मागे फिरत होता. गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का. वहिनी "हो" म्हणत होती आणि कामाला जात होती.

त्याच्या पुढच्या रविवारी मागच्या खोलीत ताज्या रंगाचा वास होता म्हणून मी पुढे दादाजवळ बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चार वाजले. दादाने तीन टोले दिले, भिंतीपलीकडून ठण्ण ठण्ण ठण्ण ऐकू आलं. आणि लगेच आमच्या टेबलावरच्या पेटीतली घंटा वाजली. टिंग, टिंग, टिंग. बारीक पण स्पष्ट. मी दादाकडे पाहिलं. तो घंटेच्या पेटीकडेच बघत होता, अगदी लक्ष देऊन, मान थोडी वाकडी करून, आणि वाट बघत होता.

पुन्हा टिंग, टिंग, टिंग. दादाने घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला, वही ओढली आणि लिहिलं, "पलीकडेने घंटा दिली नाही."

माझं बोलणं त्याला ऐकू येत होतं, दारातून वहिनी "विसरले बघा" म्हणाली तेही ऐकू आलं. गेले होते ते वरचे, बारीक सूर. आणि हा माणूस सूर लावून जगतो.

चहाचं निमित्त करून मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. "तू घंटा देतेस. मी ऐकली. दोनदा."

ती पाणी तापवत होती, तशीच उभी राहिली. "दोनदाच दिली आज," ती म्हणाली. "मागच्या वेळी चारदा दिली होती."

"तुला माहीत आहे?"

"चार महिने झाले. पहिल्यांदा वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही, म्हणून म्हटलं विसरले. नंतर एकदा ते बाहेर गेले असताना तारा तपासल्या, सगळं ठीक. तोवर विसरले म्हणायची सवय झाली होती. परतीची गाडीही दारात येऊनच विचारायला लागले."

"आणि डॉक्टरांकडे गेलीस ती? नाटक?"

"त्यांना काळजी वाटत होती ना. नाही कसं म्हणू?" मग थोडं हसून म्हणाली, "आणि खरं सांगू, मलाही एकदा खात्री करून घ्यायची होती."

मला राग आला. तिचा, दादाचा आणि सगळ्यात जास्त माझा. मी म्हटलं, "मी आत्ता जाऊन सांगते. एका वाक्याचं काम आहे." आणि निघालेच होते. वहिनीने माझं मनगट धरलं. दिसायला बारीक आहे, पण चौतीस वर्षं प्लास्टर कालवलेला हात आहे तो.

"ऐक," ती म्हणाली. "नवी कवळी बसवली की त्या माणसाला लगेच आरसा देऊ नका म्हणून मी डॉक्टरांना सांगते. आधी जीभ फिरवू दे, त्याचं त्याला कळू दे. पहिल्यांदाच आरसा दिला की लोक कवळी खिशात घालून घरी जातात आणि पुन्हा येत नाहीत. तू आरसा घेऊन निघालीस."

"मग किती दिवस थांबणार?"

"थांबायला आता वेळ नाहीये." तिने चहा गाळला. संगीत शाळेतल्या बाईंचा फोन आला होता, दादा घरी नसताना. बाईंनी फार अदबीने सांगितलं होतं की वरच्या सप्तकाच्या तारा जरा कच्च्या वाटतात, पुन्हा बघता येईल का. वहिनीने निरोप आपल्याजवळच ठेवला होता. आणि पुढच्या महिन्यात त्याच शाळेच्या सभागृहातला मोठा पियानो दादाने लावायचा होता, कार्यक्रमासाठी. "तिथे चारचौघांत कुणी सांगितलं तर ते पियानोला हात लावायचे नाहीत, आणि गाडीलाही नाही. घरातली घंटा ऐकू येत नाही म्हटल्यावर या खोलीत कशाला बसतील? त्यांना कळायला हवं, पण इथे कळायला हवं. त्यांच्या टेबलापाशी, कुणी बघत नसताना."

त्या आठवड्यात तिने दादाच्या घंटेच्या तारेला एक छोटा लाल दिवा जोडला. लॅबमधल्या कुठल्याशा यंत्राचा, मुगाच्या दाण्याएवढा. बटण दाबलं की घंटाही वाजणार आणि दिवाही लागणार. दादा कुरकुरला, "घंटा असताना दिवा कशाला?"

"स्टेशन आहे. दिवा नको?" वहिनी म्हणाली. "शोभेला राहू द्या."

रविवारी मी मागच्या खोलीत, माझ्या नेहमीच्या जागी. वहिनीने मला आधीच बजावलं होतं की तोंडातून आवाज काढायचा नाही. चार वाजून पाच मिनिटांनी ठण्ण ठण्ण ठण्ण. वहिनीने बटणावर बोट ठेवलं आणि तीनदा दाबलं, सावकाश, मधे मधे थांबून. भिंतीपलीकडे ती बारीक घंटा वाजलेली मला ऐकू आली. मग काही नाही.

एक मिनिट गेलं. दोन. मी खुणेने म्हटलं, पुन्हा दे. तिने नकारार्थी मान हलवली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लाकडाचा. दादाने पेटीचं झाकण काढलं होतं.

ठण्ण. एकच टोला. पुन्हा सांग.

वहिनीने तीनदा दाबलं. आता तो घंटेवर पडणारी हातोडी बघत असणार, उघड्या डोळ्यांनी, हातभर अंतरावरून. दिवा लागतोय, हातोडी पडतेय आणि आवाज नाही.

बराच वेळ गेला. ठण्ण. पुन्हा सांग.

तिने पुन्हा तीन दिले. असं त्याने पाच वेळा विचारलं आणि तिने पाच वेळा सांगितलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. उठून पुढच्या खोलीत जावं, त्याच्याजवळ बसावं असं मला इतकं वाटत होतं की मी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली. ती एकदा दाराकडे बघून पुन्हा रुळाकडे बघायला लागली.

आणि मग ठण्ण ठण्ण. दोन टोले. गाडी निघाली.

भिंतीच्या भोकातून इंजिन बाहेर आलं, मागे पाच डबे, नेहमीपेक्षा हळू. जबड्यांच्या डोंगराला वळसा घालून "पलीकडे"च्या फलाटाला लागलं. एकवीस मिनिटं उशीर. वहिनीने वहीत आपल्या बाजूला वेळ लिहिली आणि परतीची गाडी विचारली. दिवा बघून दादाने लगेच उत्तर दिलं. त्या दिवशी सातही गाड्या गेल्या.

चहाला दादा आला, दोन कप प्यायला, कपाकडे बघत म्हणाला, "दिवा बरा लावलास." बस. वहिनी म्हणाली, "हं."

सोमवारी त्याने स्वतः संगीत शाळेत फोन केला. वहिनी शेजारीच होती, तिने मला शब्द न् शब्द सांगितला. तो म्हणाला, "मला वरचं ऐकू येत नाही. सभागृहाचं काम मी सुचवतो त्या माणसाला द्या. मी मागे लावलेले तीन पियानोही त्याच्याकडून तपासून घ्या." बुधवारी तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. एकटाच, "तू लॅबला जा" म्हणून.

पुढच्या रविवारी मी लवकर गेले. वहिनी खिडकीशी बसून काहीतरी घासत होती. दादाचं कानातलं यंत्र बसवायचा साचा होता तो, कानाच्या मापाचा.

"याला हात लावू नका म्हणाले होते ते यंत्रवाले लोक," दादा म्हणाला, पण तक्रारीच्या सुरात नाही.

"कडा बघा याची. कुणी घासलीय ही?" वहिनी म्हणाली. "टोचेल दिवसभर." तिने फुंकर मारली, अंगठा फिरवून बघितला आणि साचा त्याच्या कानात बसवला. त्याने जबडा हलवून बघितला, तसं करायला तिनेच सांगितलं होतं. मग तो डोंगरामागची तार घट्ट करायला मागच्या खोलीत गेला, तीही मागोमाग गेली.

मी पुढच्या खोलीत एकटी. टेबलावर नोंदवही उघडी होती. मी उभ्या उभ्या पानं उलटली.

चार महिन्यांच्या पानांवर जिथे जिथे "पलीकडेने घंटा दिली नाही" होतं, तिथे तिथे एक रेघ होती. सरळ, पट्टीने ओढलेली, खालचं वाचता येईल अशी. वर दादाच्या बारीक अक्षरात, "घंटा दिली होती. मला ऐकू आली नाही." सही आणि वेळ. मी मोजले, सवयच आहे. अडतीस. प्रत्येक ठिकाणी पूर्ण वाक्य, कुठेही "वरीलप्रमाणे" नाही. आणि गाड्या बंद ठेवल्या होत्या त्या रविवारच्या नोंदीवरही रेघ होती. "तपासणी चुकीच्या माणसाची झाली." सही, वेळ.

मला डोळे पुसावे लागले, लपवण्यात काय अर्थ आहे. मग मी टेबलावरचं पेन उचललं. बावीस वर्षांत मी त्या वहीत टिंबसुद्धा काढलं नव्हतं. दादाच्या सहीखाली लिहिलं, "सल्ला माझा होता." आणि सही केली.

मान वर केली तर दादा दारात उभा. मला वाटलं, आता ओरडतो. तो जवळ आला, चष्मा नाकावर घेऊन माझी ओळ वाचली, मग पुन्हा वाचली.

"वेळ घालायची राहिली," तो म्हणाला.

मी घड्याळ पाहिलं आणि घातली. तीन वाजून बावन्न.